‘ऊन पडलं तरी ट्रॅक्टर आला नाही’ या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. पायाची खोदाई पुढे गेली म्हणून घराचं काम खोळंबलं, गवंडी हात बांधून बसले, आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण ‘पाऊस थांबून चार दिवस झाले, कडक ऊन होतं, तरी ट्रॅक्टर पाठवला नाही, नुसते बहाणे सांगत राहिले’ हे वाक्य काही गळ्याखाली उतरत नाही. ट्रॅक्टर आणि लोडर (पुढे लावायचं माती उचलायचं यंत्र) दोन्ही हप्त्यावर आहेत. ट्रॅक्टर दारात उभा राहिला म्हणून हप्ता थांबत नाही. मग बहाणे करून घरी बसण्यात माझा काय फायदा? तुमचं लिखाण वाचून एकाने फोनवर विचारलं, ‘तुम्ही वेळेवर येत नाही म्हणे?’ त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ऊन होतं, अगदी कबूल. पण ऊन पडलं म्हणजे वापसा आला, म्हणजे रान यंत्र घालण्याइतकं सुकलं, असं होत नाही. तुमची जमीन काळी आणि चिकण आहे. अशा मातीचे कण फार बारीक, त्यामुळे पाणी लवकर खाली निचरत नाही. वरचा थर वाळतो, पापुद्रे सुटतात, लांबून बघणाऱ्याला रान कोरडं ठणठणीत वाटतं. तुमच्यासमोरच मी कुदळीचा एक घाव घालून खालचं ढेकूळ काढलं होतं. मुठीत दाबलं तर बोटांचे ठसे त्यावर उठले आणि अर्धं तळहाताला चिकटून राहिलं. वापसा असता तर तो गोळा खाली टाकल्याबरोबर फुटला असता. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात. बघितलंत का नाही, मला माहीत नाही.

अशा रानात ट्रॅक्टर घातला की काय होतं ते सांगतो. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रिकामा दोन टनांच्या आसपास भरतो. त्याला पुढे लोडर आणि मागे खोदाईची बकेट लावली की वजन बरंच वाढतं. टायरच्या नक्षीत चिकण माती भरते, टायर गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरायला लागतो. जागेवर फिरणारा टायर जमीन नुसती दाबत नाही, लोण्यासारखी मळतो. हे नांगरटीच्या रानात झालं तर पिकाचं नुकसान, पण पायाच्या आखणीवर झालं तर घराचं. चराच्या तळाची माती मळली गेली की ती सगळी खरवडून घट्ट थर लागेपर्यंत खाली जावं लागतं. आणि जास्त खोदलेलं परत मातीने भरून चालत नाही. ती भर पुढे दबते, घराचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा सुटतात. ती जागा काँक्रीटनेच भरायची. म्हणजे जास्तीची खोदाई तुमच्या खर्चाने, जास्तीचं सिमेंट तुमच्या खर्चाने, आणि त्या खोदाईचे तास माझ्या बिलात. मला तासाचेच पैसे मिळतात. लवकर येऊन चिखल तुडवला असता तर माझं बिल वाढलंच असतं. हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं नसावं असं धरतो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पाया तिच्यावर ठेवत नाहीत, खाली मुरूम लागेपर्यंत जातात. एवढं खोल गेल्यावर ओल्या मातीत चराच्या भिंती ढासळतात. काठाजवळ ट्रॅक्टर उभा असेल तर आणखीच. चर जेवढा खोल, निदान तेवढं अंतर काठापासून सोडून यंत्र उभं करायचं, हा आमचा नियम आहे. आतमध्ये तळ साफ करायला तुमचीच माणसं उतरणार होती.

आता एक गोष्ट अभिप्रायात आलेली नाही, ती मला सांगावी लागते. मी थांबा म्हटल्यावर तुम्ही दुसरीकडून वाळूची ट्रॉली मागवलीत. तुमचं रान, तुमची मर्जी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, एवढ्या वाळूचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. त्यात ट्रॉलीचं वजन वेगळं. ती बांधावरून आत उतरली आणि आखणीच्या चुन्याच्या रेषेवरच चाकांच्या कण्यापर्यंत रुतली. ‘आवारात ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडल्या’ म्हणून तुम्ही जो फोटो टाकला आहे, त्या चाकोऱ्या त्याच. आमचा ट्रॅक्टर तोवर रानात उतरलाही नव्हता. ट्रॉलीचा तो रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढायला संध्याकाळी बोलावलंत तेही मलाच, आणि मी आलो. कडक बांधावर उभा राहून लांब साखळीने ओढला. ‘साखळी लावायलाच अर्धा तास घालवला’ असं तुम्ही लिहिलंय. घालवला. साखळी खाली, ओढायच्या दांड्यालाच लावायची असते. जरा वर लावली आणि मागची चाकं रुतून बसली, तर इंजिन चाकांऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं. मागे उलटायला दीड सेकंद पुरतो, ड्रायव्हरला क्लच दाबायचीही उसंत मिळत नाही. त्या अर्ध्या तासाचे पैसे मी लावले नाहीत. बिल बघा.

वापसा आल्यावर खोदाई झाली, तिचे तास मोजणाऱ्या मीटरबद्दल तुम्ही लिहिलंय: ‘ट्रॅक्टर उभा आणि मीटर चालू’. आमच्या ट्रॅक्टरवर जुन्या पद्धतीचा मीटर आहे. तो घड्याळावर नाही, इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर असेल तेव्हाच त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. नुसतं धुगधुगत ठेवलं तर तो मागे पडतो. बिल मीटरवर केलंय, घड्याळावर केलं असतं तर आकडा वाढला असता. खोदलेल्या मातीचा ढीग चरापेक्षा मोठा कसा, ही शंकाही तशीच. घट्ट बसलेली माती मोकळी झाली की फुगते, चिकण माती तर तिसऱ्या हिश्श्याएवढीही फुगू शकते. आम्ही जादा खोदलेलं नाही, चर टेप लावून मोजला तेव्हा तुमचा गवंडी हजर होता.

राहिला ‘उद्धट ड्रायव्हर’. तो बोलायला तुटक आहे, हे खरं आहे, त्याला समज दिली आहे. पण तो कशाला नाही म्हणाला तेही लिहायचं होतं. लोडरच्या बकेटमध्ये माणूस उभा करून वर खिळे ठोकून घ्यायला सांगितलं होतंत. ते बकेट माती उचलायचं आहे, माणूस नाही. हायड्रोलिकचा एक पाइप फुटला की ते सरळ खाली येतं. याबाबतीत तो उद्या मलाही नाही म्हणेल, आणि म्हणावंच.

आम्ही सुधारणा करतोच आहोत. काम पुढे ढकलायचं झालं तर यापुढे तोंडी न सांगता कारणासकट मेसेज करू, शक्यतो आदल्या दिवशीच. तारीख देतानाच ‘वापसा आल्यावर’ असं लिहून देण्याचाही विचार आहे. अजून काही करता येईल का ते बघतो.

जोत्याच्या आतला भराव अजून बाकी आहे. आमच्याकडून करून घ्यायचा नसेल तरी हरकत नाही, पण ज्याच्याकडून घ्याल त्याला ट्रॉली एकदम रिकामी करून वरून ट्रॅक्टर फिरवू देऊ नका. चाकाचा दाब वरवर बसतो, खालची माती पोकळ राहते आणि पुढे फरशी खचते. वीतभरापेक्षा जाड थर नको, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करायची, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा. बांधकाम नवं आहे, त्यामुळे भिंतीला एकाच बाजूने भर टाकू नये, दोन्हीकडून बरोबरीने चढवत न्यावी. जोत्यासाठी बाजूला काढलेला मुरूम रस्त्याच्या कडेला वेगळा ढीग करून ठेवला आहे, काळ्या मातीत मिसळू दिलेला नाही. त्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत, कोणीही येऊन नेऊ दे. फक्त उचलण्याआधी रान एकदा कुदळीने बघून घ्या.