धापणारी घोडी आणि कोरडा भुसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

घोड्यांच्या दम्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही डॉक्टरांचं नवं खूळ म्हटलंत. तुमच्या आजोबांचे घोडे जन्मभर भुसा खाऊन, शेतात मोकळे चरून ठणठणीत राहिले. तुमच्या गल्लीतली घोडी धापते ती वयाने. आणि मी इंदूरच्या गरीब घोडीवाल्यांना उगाच खर्चात पाडतोय, असं तुमचं म्हणणं. खर्चाचा आरोप मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

आजार जुनाच आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरांनी १६९८ साली धापेच्या घोडीची फुगलेली फुप्फुसं वर्णन करून ठेवली आहेत. आजोबांचे घोडे का वाचले, ते तुम्हीच लिहिलंय : मोकळे चरत होते. लग्नसराई संपली की आपल्याकडची घोडी पत्र्याच्या खोलीत बांधलेली, भुशाची पोती तिथंच रचलेली. वर तोबरा चढवला की नाक थेट भुशात. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. धूळ, बुरशीचे कण सगळं नाकावाटे आत जातं, आणि ज्या जनावराला त्याचं वावडं असतं त्याच्या श्वासनलिका सुजतात, आवळतात, चिकट कफाने भरतात.

वयाचं म्हणाल तर हा आजार बहुधा सात वर्षांपुढच्या घोड्यांतच दिसतो. पण उभ्या जागी धापणं म्हणजे म्हातारपण नव्हे. ती घोडी शांत उभी असताना बघा. नाकपुड्या फाकलेल्या, श्वास सोडताना पोट जोराने आवळलं जातंय, बरगड्यांच्या खालून मागे एक तिरकी खाच गेलेली. पोटाचे स्नायू महिनोन्‌महिने ताण घेऊन वाढले की ती उमटते. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो. ताप नसतो, म्हणून मालकही निर्धास्त राहतो.

आता खर्च. भुसा पाण्यात पूर्ण बुडवून ओला असतानाच घालायचा, नुसते शिंतोडे मारून भागत नाही. उरलेला आंबायच्या आत काढून टाकायचा. पोती दुसरीकडे हलवायची, झाडलोट घोडी बाहेर असताना करायची, आणि शेजारी बांधलेल्या घोड्याचाही भुसा भिजवायचा. जमेल तितकी उघड्यावर बांधायची. यात पैसा कुठे लागतो?

पैसा जातो तो इंजेक्शनांत. स्टिरॉइडने धाप बसते, पण कोरडा भुसा चालूच राहिला तर ती परत येते, आणि पुन्हापुन्हा टोचत राहिलं तर खुरांच्या आत सूज येऊन घोडी पायावर उभी राहीनाशी होण्याचा धोका असतो. म्हणून गल्लीतल्या त्या घोडीचा भुसा आजपासूनच भिजवायला सांगा, आणि तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्या.