देशाचं सोनं कुठे आहे, हे छातीठोक कसं सांगावं

दसऱ्याला सोनं वाटून झालं, श्रीखंड-पुरी अंगावर आली, की बैठकीत देशाच्या सोन्याचा विषय निघतोच. अशा वेळी गप्प बसणारा अडाणी ठरतो. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे चार शब्द.

सुरुवात आवाज खाली आणून करावी. ‘आपलं सगळं सोनं इंग्लंडकडे गहाण आहे’ हे वाक्य ओरडून म्हटलं तर बातमी वाटते, कुजबुजत म्हटलं तर आतली खबर.

पुरावा म्हणून १९९१ साल हाताशी असू द्या. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोनं विमानाने बाहेर नेलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं आणि सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. विमानतळाच्या वाटेवर सोन्याच्या गाडीचं टायर फुटलं, असंही सांगतात. हा तपशील सोडू नका. जॅक कुणी लावला असेल, यावर दहा मिनिटं सहज जातात.

मात्र टायरपाशीच थांबायचं. ते कर्ज त्याच वर्षी फिटलं, हे बोलायचं नाही. गहाण सुटलं की गोष्टीतला जीवच जातो. सोनं पुढेही तिकडे राहिलं ते ठेव म्हणून. लंडन हा सोन्याचा मोठा बाजार. तिथल्या तळघरात साडेबारा किलोची वीट विकली तर वहीतलं नाव बदलतं, वीट तळघरातच राहते. आणि २००९ मध्ये आपणच नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं, हे तर चुकूनही काढू नका. गहाणवटीच्या गोष्टीत खरेदीदार शोभत नाही.

कुणी म्हणेल, ‘अहो, तुमच्या आईच्या पाटल्यासुद्धा बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, म्हणून त्या मॅनेजरच्या झाल्या का?’ अशा माणसाला पुन्हा बोलवू नये.

समोरचा उलट्या पक्षाचा असेल तर ‘सरकारने शंभर टन सोनं आणलं!’ हे वाक्य वापरा. ‘आणलं’ म्हणजे ‘घेतलं’ असा समज ऐकणारा आपणहून करून घेतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. मार्च ते सप्टेंबर २०२४ या सहा महिन्यांत देशात ठेवलेलं सोनं ४०८.३१ टनांवरून ५१०.४६ टनांवर गेलं. एकूण साठा मात्र ८२२.१० वरून ८५४.७३ टन झाला. म्हणजे घरातलं १०२ टनांनी वाढलं आणि मालकीचं जेमतेम ३३ टनांनी. माहेरी ठेवलेले दागिने सासरी आणले तर कुणी सराफाची पावती मागत नाही, पण इथे पेढे वाटायला हरकत नाही.

हे आकडे कुठून आले, असं विचारलं तर खोकला काढा. रिझर्व्ह बँक ते आपल्या सहामाही अहवालात स्वतःच छापते: देशात किती, बाहेर किती, सगळं टनांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. इतकं उघड छापलेलं गुपित कुणाला सांगणार?

‘जेवढं सोनं तेवढ्याच नोटा’ हा हुकमी एक्का शेवटी टाका. खरं तर १९५७ पासून नोटा कितीही असोत, कायद्याने त्यांच्यामागे किमान २०० कोटींची राखीव ठेव लागते, तीत ११५ कोटींचं सोनं. एवढ्यात मुंबईत किती फ्लॅट येतात, हा हिशोब कुणी मांडायला लागलं तर विषय अमेरिकेवर न्या. तिथलं सगळं सोनं फोर्ट नॉक्समध्ये आहे असं ठोका. निम्मंच आहे, पण तपासायला कोण जातंय.

एक धोका राहतोच. नागपूरचे साडू पानाचा विडा तोंडात सारत म्हणतील, ‘अरे, देशातलं सोनं मुंबईत ठेवतात अन् आमच्या नागपुरात.’ खरं आहे ते. पण सगळे हसतील, तुम्हीही हसा. लंडनच्या तळघराला जे वजन आहे, ते संत्र्यांच्या गावाला कुठून येणार? साडू चिडून मोबाइलवर तो अहवाल शोधू लागले, की उठा, त्यांच्या दुसऱ्या हातात आपट्याचं पान ठेवा आणि म्हणा, ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.’