रणगाड्यांच्या बॅटऱ्या काढल्या, तिथंच डाव फिरला

डिसेंबर १९७९. काबूलभोवतीच्या अफगाण रणगाडा तुकड्यांमध्ये सोव्हिएत सल्लागार एकदम कामसू झाले. थंडी वाढलीय, बॅटऱ्या काढून ठेवा. दारूगोळ्याची मोजदाद करायचीय, जमा करा. कुणालाच वावगं वाटलं नाही, कारण ही माणसं तिथं नवी नव्हती. रणगाडे त्यांच्याच देशाचे, अफगाण अधिकाऱ्यांना शिकवलेलंही त्यांनीच. मग २५ डिसेंबरला सीमेवरच्या तरमेझजवळ अमू दर्या नदीवरचा तरंगता पूल ओलांडून सोव्हिएत फौजा आत शिरल्या, काबूल आणि बग्राममध्ये एकामागून एक विमानं उतरू लागली, आणि अडवायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.

अफगाणिस्तानचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली. एक, ‘साम्राज्यांचं स्मशान’. दुसरं, अमेरिकेच्या स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी, क्षेपणास्त्रांनी रशियाला हरवलं. पहिल्या वाक्याने काहीच कळत नाही, नुसता आव येतो. दुसऱ्याचं तारखांशी जमत नाही. पहिलं स्टिंगर २५ सप्टेंबर १९८६ ला जलालाबादजवळ डागलं गेलं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत, पक्षाच्या अधिवेशनात, या युद्धाला वाहती जखम म्हटलं होतं. बाहेर कसं पडायचं याचा विचार आधीच सुरू झाला होता. स्टिंगरमुळे हेलिकॉप्टरांना उंची आणि डावपेच बदलावे लागले, हे खरंच. पण माझ्या मते खेळ बिघडला तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि ज्या युक्त्यांनी सत्तापालट इतका सोपा झाला त्याच युक्त्यांमुळे बिघडला.

थोडं मागे जावं लागेल. एप्रिल १९७८ मध्ये कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी अध्यक्ष दाऊद खान यांना मारून सत्ता घेतली. पक्ष आधीच दोन गटांत दुभंगलेला, खल्क आणि परचम. सत्तेवर आलेले तराकी आणि त्यांचे सहकारी अमीन खल्कचे, बबराक कारमाल परचमचे. कारमाल यांना काही महिन्यांतच राजदूत म्हणून प्रागला धाडून दिलं. मग फर्मानांचा सपाटा. सहाव्या फर्मानाने गहाणवट आणि सावकारी कर्जं रद्द केली. आठव्याने चांगल्या जमिनीला ३० जरीबची, म्हणजे साधारण ६ हेक्टरची, मर्यादा घातली. कागदावर वाईट काय होतं? पण बियाणं, बैल, पाण्याची पाळी आणि अडीअडचणीला उधारी, हे सगळं शेतकऱ्याला त्या जमीनदाराकडूनच मिळायचं. त्याला हटवलं आणि त्याच्या जागी ना पतपेढी आली, ना बियाण्याचं कोठार. जमिनीचा तुकडा हातात आला, पण पेरायचं काय?

मार्च १९७९ मध्ये हेरातमध्ये उठाव झाला आणि तिथली सतरावी डिव्हिजन फुटली. तराकी आणि मॉस्को यांच्यात फोनवर बोलणं झालं. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याशी झालेलं ते बोलणं आज उपलब्ध आहे. हेरातमध्ये आपल्या बाजूचे कामगार किती, असं कोसिगिन विचारतात. उत्तर येतं, एक-दोन हजार. आमच्याकडे शिकून आलेले तुमचे अधिकारी कुठे आहेत? त्यातले बरेचसे प्रतिगामी निघाले. शेवटी तराकींची विनवणी अशी की रणगाड्यांवर अफगाण खुणा रंगवा, ताजिक-उझबेक-तुर्कमेन सैनिक आमच्या गणवेशात पाठवा, कुणाला कळणार नाही. कोसिगिन म्हणाले, दोन तासांत जगाला कळेल. पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळातही, गुप्तचर संस्था केजीबीचे प्रमुख अँद्रोपोव्ह आणि परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांचा कल नकाराकडेच होता. आपल्या संगिनींवरच ही क्रांती टिकवावी लागणार असेल तर तो रस्ता आपला नाही, असा त्यांचा सूर. अगदी बरोबर निदान.

मग नऊ महिन्यांत काय बदललं? देशातली परिस्थिती सुधारली नव्हती, उलट चिघळली होती. बदलला होता माणूस. सप्टेंबरमध्ये अमीन यांनी तराकींना हटवलं आणि ऑक्टोबरमध्ये उशीने गुदमरवून मारलं. ज्याला सोव्हिएत सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांनी नुकतीच मिठी मारली होती, त्याचाच खून झाला. वर अमीन अमेरिकेकडे झुकतील ही धास्ती. १२ डिसेंबरला मोजक्या लोकांनी निर्णय घेतला. कागद पॉलिटब्युरोतल्या चेर्नेन्को यांच्या हस्ताक्षरातला, त्यात देशाचं नावसुद्धा नाही, नुसतं ‘अ’. लष्करप्रमुख ओगार्कोव्ह यांनी विरोध केला, त्यांना गप्प बसवलं गेलं. मार्चमध्ये प्रश्न होता ‘हे जमेल का?’, डिसेंबरमध्ये तो ‘याला कसा काढायचा?’ इतकाच उरला.

काढायचं काम चोख झालं. अमीन यांनीच सोव्हिएत पहारा मागितला होता, म्हणून अफगाण गणवेशातली मध्य आशियाई सैनिकांची बटालियन ताजबेग राजवाड्याच्या बाहेरच्या कड्यात आधीपासून बसलेली. २७ डिसेंबरला दुपारच्या जेवणात विष घातलं गेलं. आणि इथे एका हाताचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. सोव्हिएत डॉक्टर धावत आले आणि त्यांनी अमीन यांना शुद्धीवर आणलं. संध्याकाळी सातनंतर हल्ला सुरू झाला. शिल्का या विमानविरोधी तोफांचा मारा, मग केजीबीची दोन पथकं आत. अंधारात आपली माणसं ओळखू यावीत म्हणून दंडावर पांढऱ्या पट्ट्या. अमीन सांगत होते, सोव्हिएत मित्रांना कळवा. पाऊण तासात राजवाडा पडला, अमीन गेले. त्यांना दुपारी वाचवणाऱ्या डॉक्टरांपैकी एकाचाही त्या गोळीबारात बळी गेला.

त्याच रात्री काबूल रेडिओच्या लहरींवर कारमाल यांचं भाषण लागलं. ध्वनिमुद्रित होतं, आणि सोव्हिएत हद्दीतून सोडलेलं.

आता पट बघा. मदतीसाठी बोलावणं कुणाचं, तर ज्याला मारलं त्याच्या सरकारचं. कायद्याचा आधार कोणता, तर १९७८ चा मैत्री करार. नवा अध्यक्ष कुठून आला, तर परकीय विमानातून. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४ जानेवारी १९८० ला १०४ देशांनी फौजा माघारी घ्या म्हटलं, १८ विरोधात, १८ तटस्थ. तटस्थांत आपण होतो. सोव्हिएत शस्त्रांवरचं आपलं अवलंबित्व मान्य केलं तरी त्यावेळचं आपलं भाषण गरजेपेक्षा जास्त मवाळ होतं, असं मला वाटतं.

मॉस्कोचा मूळ बेत काय होता? सोव्हिएत फौजांनी चौक्या, शहरं, रस्ते धरायचे आणि लढाई अफगाण सैन्याने करायची. पण त्याच सैन्याच्या बॅटऱ्या सोव्हिएत सल्लागारांनी फसवून काढल्या होत्या! ज्या सल्लागारावर विश्वास टाकला त्यानेच गंडवलं, हे बराकीत कळायला किती वेळ लागणार? शिपाई रायफलीसकट पळू लागले आणि सैन्य वर्षभरात निम्म्याहून खाली आलं. फेब्रुवारी १९८० च्या अखेरीस काबूलच्या गच्च्यांवरून रात्रभर ‘अल्लाहु अकबर’च्या आरोळ्या उठल्या, हरताळ पडला, गोळीबार झाला. चौकीदारीला आलेली फौज इथून पुढे लढाईला जुंपली गेली.

आणि ती फौज जगणार कशावर? सीमेवरच्या हैरातानहून काबूलपर्यंतचा चारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, मध्ये ३,००० मीटरच्या वर सालंगचा बोगदा. डिझेल, पीठ, दारूगोळा, सगळं त्यातून. लाखभर फौज म्हणतात, पण त्यातला मोठा हिस्सा हा रस्ता, विमानतळ आणि गोदामं राखण्यातच अडकलेला. डोंगरात जाऊन लढायला उरणारे थोडे, आणि घेतलेलं खोरं धरून ठेवायला जवळपास कुणीच नाही. म्हणून काबूलच्या उत्तरेचं पंजशीर खोरं पुन्हा पुन्हा ‘जिंकावं’ लागलं. सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक मेले. अफगाणांचा आकडा लाखांत आहे, आणि ५० लाखांहून जास्त लोक पाकिस्तान-इराणमध्ये निर्वासित झाले.

१५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची फौज पुलावरून परत गेली. गंमत अशी की त्यानंतर काबूलचं सरकार अधिक नीट लढलं. तेव्हाचे अध्यक्ष नजीबुल्ला यांनी मार्चमध्ये बंडखोरांच्या हल्ल्यापासून जलालाबाद राखलं. परकीय सैनिक दिसेनासा झाल्यावर ‘आम्ही आमच्या देशासाठी लढतोय’ असं म्हणायला त्यांना तोंड मिळालं. पण इंधन, धान्य आणि टोळीवाल्या पलटणींना वाटायचा पैसा मॉस्कोहूनच येत होता. जानेवारी १९९२ मध्ये तो बंद झाला आणि सरकारच्या बाजूने लढणारे सेनानी दोस्तुम यांची उझबेक पलटण उलटली. एप्रिलमध्ये नजीबुल्ला काबूल विमानतळाकडे निघाले. कुटुंब आधीच दिल्लीत होतं, संयुक्त राष्ट्रांचं विमान धावपट्टीवर उभं होतं. त्यांना विमानतळाच्या रस्त्यावर अडवलं ते दोस्तुमच्या माणसांनी, ज्यांचा पगार कालपर्यंत त्यांच्याच सरकारातून जात होता.