पैसे फिटले, मग बोजा का उतरत नाही?

आखाजीच्या सकाळी माझी माय चुलीवर खापर ठेवून बसली होती आणि मी तिच्या मागे दोन फोन घेऊन उभा होतो. एक तिचा, एक माझा. तिचा फोन अमेरिकेहून आलेला, माझ्या फोनच्या तिप्पट किमतीचा, पण त्यात आपलं सिम चालत नाही. म्हणून माझ्या फोनचं हॉटस्पॉट लावून तिच्या फोनवरून टेक्सासला भाच्याला व्हिडिओ कॉल जोडला होता. तिकडे रात्र झालेली, तरी तिची तीन वर्षांची पणती मांडे बघायला जागी होती. मायने पुरण भरलेला गोळा घेतला, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत पार कोपरापर्यंत वाढवला आणि खापरावर टाकायला वळली, तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी गेली. गावात पहाटेपासून लाइट नव्हती. पडद्यावर पणतीचा चेहरा होता तसाच थांबला.

मायने पिठाच्या हातानेच माझ्याकडे बघितलं. "हाऊ फोन मुका शे का रे?"

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

फोन भाच्याने गेल्या दिवाळीला आणला होता. स्वतः वापरलेला, पण अगदी जपून. आजीला मोठ्या पडद्यावर पणती दिसावी एवढीच त्याची इच्छा. सिम घातलं तर 'सिम नॉट सपोर्टेड' असं आलं. सिम बदललं, दुसऱ्या कंपनीचं घातलं, तेच. तोवर भाचा परत गेलेला. मी अमळनेरहून गाडी धरली आणि जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो. तिथल्या पोराने दुकानात उभ्या उभ्या सेटिंग उघडलं, जनरल, मग अबाउट, आणि खाली बोट सरकवत एका ओळीवर थांबला. 'कॅरिअर लॉक', म्हणजे ज्या मोबाइल कंपनीने फोन विकला तिचंच सिम चालेल असं कुलूप. म्हणाला, काका, लॉकचा पीस आहे. मोकळ्या फोनमध्ये त्या ओळीपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं दिसतं. (बाहेरून आणलेला किंवा जुना आयफोन घेणार असाल तर पैसे देण्याआधी ही एक ओळ बघाच.)

त्याने सिमखाली बसवायची एक चिप दिली. बाजारात तिला टर्बो सिम म्हणतात. कागदासारखी पातळ, नखाएवढी. सिम त्या लॉकवाल्या कंपनीचंच आहे असं ती फोनला भासवते. तीन आठवडे चाललं. मग फोनने सॉफ्टवेअर अपडेट घेतलं आणि पुन्हा मुका. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या पोराने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "फोन तुमना शे काका, पन किल्ली तेस्ना हातमा शे."

भाच्याला फोन लावला. त्याने त्याच्या जुन्या मोबाइल कंपनीकडे लॉक काढायचा रीतसर अर्ज केला. अर्ज नामंजूर. कारण विचारलं तर कळलं, फोन प्रीपेड प्लॅनसोबत घेतलेला, म्हणून तो त्यांच्याच नेटवर्कवर एकूण वर्षभर चालू राहिलेला असला पाहिजे. भाच्याने पाच महिन्यांत नोकरीसाठी शहर बदललं, तिथे त्या कंपनीची रेंज नीट नव्हती, म्हणून कंपनीही बदलली. फोनचे पैसे त्याने पहिल्याच दिवशी एकरकमी भरलेले. हप्ता नाही, थकबाकी नाही, उधारी नाही. तरी लॉक कायम.

आता माझं म्हणणं. मी गावच्या विकास सोसायटीचा सचिव आहे. बावीस वर्षं कर्ज वाटणं आणि वसूल करणं हेच काम केलं. त्यामुळे देणाऱ्याची बाजू मला कुणी शिकवायला नको. पैसा अडकला की झोप लागत नाही, हे मी जाणतो. शेतकरी कर्ज घेतो तेव्हा त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात आमचा बोजा चढतो, आणि तो चढलाच पाहिजे. पण बोजा असला म्हणून आम्ही त्याला 'तुझ्या वावरात आमचंच बियाणं पेर' असं सांगत नाही. आणि कर्ज फिटलं की आम्ही बेबाकी दाखला देतो, तलाठी फेरफार घेतो, बोजा कमी होतो. एखाद्या सचिवाने पूर्ण पैसे भरलेल्या माणसाला म्हटलं की, तू आमच्या सोसायटीत अजून सात महिने खातं चालव, मगच बोजा काढतो, तर गाव त्याला खुर्चीवर बसू देणार नाही.

मोबाइल कंपन्या नेमकं तेच करतात, आणि त्याला पॉलिसी म्हणतात.

अमेरिकेत फोन बहुतेक वेळा सिमची कंपनीच विकते, स्वस्तात किंवा हप्त्याने, आणि फोन आपल्या नेटवर्कला बांधून देते. सोडण्याच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या. पैसे पूर्ण फिटलेले हवेत, फोन चोरीचा नको, इथवर ठीक. त्यापुढे कुठे ४० दिवस, कुठे ६० दिवस, प्रीपेडला कुठे सहा महिने तर कुठे वर्ष. गंमत नाही, खरंच दुःख आहे यात, की ज्याने कर्ज घेतलेलंच नाही त्या प्रीपेडवाल्याला सर्वात जास्त थांबावं लागतं. आणि प्रीपेड कोण घेतो? ज्याला बँक उभी करत नाही तो, नवा गेलेला विद्यार्थी, रोजंदारीवरचा माणूस.

कंपन्या म्हणतात, आम्ही फोन तोट्यात विकतो, टोळ्या ते घाऊक उचलतात आणि परदेशात विकतात. हे खोटं नाही, असे धंदे होतात. पण त्या टोळीला पकडायचं सोडून माझ्या मायचा फोन का धरून ठेवायचा? फोन चोरीचा असेल तर त्याचा आयएमईआय नंबर काळ्या यादीत टाका. तो नंबर कुठल्याही फोनवर *#०६# दाबलं की दिसतो, प्रत्येक फोनचा वेगळा. चोर ओळखायची सोय आहे. लॉकमुळे चोर अडत नाही, गिऱ्हाईक अडतं.

अमेरिकेतच एक काळ असा होता की स्वतःचा फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं कायद्यात बसत नव्हतं. तिथल्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे, आणि त्यातून सूट कशाला द्यायची हे दर तीन वर्षांनी त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख ठरवतात. २००६ मध्ये फोनला सूट मिळाली होती. २०१२ मध्ये ती आवळली, आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनला ती उरली नाही. लोक चिडले. व्हाइट हाउसकडे १ लाख १४ हजारांवर सह्यांचा अर्ज गेला आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी अनलॉकच्या कायद्यावर सही केली. मी हे वाचलं तेव्हा मनापासून बरं वाटलं. पण त्या कायद्याने गिऱ्हाईकाला कुलूप काढायची मुभा दिली, कंपनीवर किल्ली द्यायची सक्ती केली नाही. किल्ली कधी द्यायची हे बहुतेक कंपन्या स्वतःच ठरवत राहिल्या.

कॅनडाने हा प्रश्न एका फटक्यात सोडवला. १ डिसेंबर २०१७ पासून तिथे नवा फोन मोकळाच विकायचा, आणि जुना मोकळा करून द्यायला पैसे घ्यायचे नाहीत. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली. या दोन्ही देशांत फोन आजही हप्त्याने मिळतात. म्हणजे कुलूप लावल्याशिवाय धंदा बुडतो, हे म्हणणं टिकत नाही.

आपल्याकडे फोन साधारण दुकानातून मोकळा मिळतो, म्हणून हा विषय परका वाटेल. पण २०१७ चा जिओफोन आठवा, १५०० रुपये अनामत आणि त्यात जिओचंच सिम. २०२३ चा ९९९ रुपयांचा जिओ भारत, तोही तसाच. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा हक्क आपल्याला आहे, पण हातातला फोनच बांधलेला असेल तर त्या हक्काचं करायचं काय?

आणि हप्त्याच्या फोनचं वेगळंच. आमच्या गल्लीतल्या एका कापूसवाल्याचा एक हप्ता चुकला आणि फायनान्सवाल्याच्या ॲपने पडदाच बंद केला. ई-पीक पाहणीची मुदत जवळ आलेली. ती पाहणी फोनवरूनच करायची, वावरात उभं राहून. ओटीपी त्याच फोनवर येणार. त्याने दोन दिवसांत उसनवारी करून हप्ता भरला, पण पडदा उघडायला आणखी दोन दिवस गेले. शेवटी मुलाच्या फोनवरून कशीबशी नोंद झाली. लॉक लावायला यांना एक क्षण लागतो, काढायला चार फोन करावे लागतात. मी वसुलीचा माणूस आहे, तरी सांगतो, ही वसुली नाही. थकबाकीदाराची औतं उचलून नेऊन त्याला हप्ता भर म्हणण्यासारखं आहे हे.

मला एवढंच मागायचं आहे. पैसे ज्या दिवशी फिटतील त्या दिवशी लॉक आपोआप निघावा. अर्ज नको, दिवस मोजणं नको. कारण यांना स्क्रूसुद्धा उघडावा लागत नाही, आपल्या नोंदीत एक बदल केला की फोन इंटरनेटला जोडताच मोकळा होतो. आणि फोन घेतानाच, खोक्यावर, मराठीत छापा की हा बांधलेला आहे आणि कधी सुटेल. सातबाऱ्यावर बोजा असेल तर जमीन घेणाऱ्याला तो दिसतो. जुना फोन घेणाऱ्याला काहीच दिसत नाही.

भाच्याने परवा कळवलं, एक वाट उरली आहे. फोन परत अमेरिकेत न्यायचा, त्यात त्या जुन्या कंपनीचं कार्ड घालायचं आणि उरलेले सात महिने दरमहा रिचार्ज करत चालू ठेवायचं. पुढच्या आठवड्यात धुळ्याची एक ओळखीची मुलगी तिकडे शिकायला निघाली आहे, तिच्या हाती देतोय. काल रात्री मायने फोन पुसला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात अगदी वर ठेवला. वाटेत बिबडे तुटू नयेत म्हणून मग काढला, खाली घातला, आणि बिबडे वर रचले.