फोर्स म्हणजे म्हणे फक्त हात उचलणं!

बेळगावच्या वडगावातली माझी मावशी मागावर कांड्या भरते. गटातून एका फायनान्सचं कर्ज घेतलंय, मध्ये काम बसलं आणि हप्ते थकले. वसुलीवाला काय काय करतो त्याची गटातल्या बायकांनी मिळून एक तक्रार लिहून ठेवली होती. परवा तिने मला एक मेसेज पुढे ढकलला आणि मागोमाग व्हॉइस नोट: "काय गं, आम्ही फोर्स केला म्हणून लिवलंय ते खोटं झालं की काय? उलटी केस आमच्यावरच पडते म्हणे."

मेसेजचं नाव, 'फोर्स या इंग्रजी क्रियापदाचा खरा अर्थ, 99 टक्के लोकांना माहीतच नाही'. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणजे त्या 99 टक्क्यांत मीही आले. शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या गटांत तो फिरतोय. म्हणणं चारच गोष्टींचं आहे. एक, फोर्स म्हणजे अंगबळ. कुणी अंगाला हात लावला नसेल तर 'फोर्स केला' लिहिणं ही खोटी तक्रार, आणि आत जाल तुम्हीच. दोन, हा शब्द आपल्या 'परशु'वरून इंग्रजीत गेला. तीन, कायदा 'इन फोर्स' असतो म्हणजे जिथे पोलीस फोर्स उभी आहे तिथेच तो लागू. चार, फोर्स, कम्पेल, मेक सगळं एकच, कुठलंही कुठेही चालतं. वर 'भगिनींनो, जागरूक व्हा' आहेच.

पहिल्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं, कारण बाकीचे तीन नुसते अडाणी आहेत आणि हा एखाद्या बाईला गप्प बसवणारा आहे.

आधी इंग्रजीचं बघू. पावसाने खेळ थांबवायला फोर्स केलं, आजारपणाने नोकरी सोडायला फोर्स केलं, कर्जाने जमीन विकायला फोर्स केलं, ही रोजच्या इंग्रजी पेपरातली वाक्यं आहेत. पावसाने कुणाची कॉलर धरली होती? कसोटीत 200 धावांची आघाडी मिळाली की कप्तान समोरच्यांवर फॉलोऑन 'एनफोर्स' करतो. तो काय बॅट घेऊन त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये शिरतो? समोरच्याला दुसरा रस्ताच उरला नाही की इंग्रजीत फोर्स म्हणतात. हात लागला की नाही, याच्याशी त्या क्रियापदाला देणंघेणं नाही.

आता कायदा. इथे मेसेजवाल्याच्या हाताला अर्धं सत्य लागलंय, ते नाइलाजाने कबूल करते. फौजदारी कायद्यात 'फोर्स'ची व्याख्या खरोखरच हालचालीशी बांधलेली आहे. जुन्या दंडसंहितेचं कलम 349, आताच्या भारतीय न्याय संहितेचं 128: दुसऱ्याला हलवणं, त्याची हालचाल बदलणं किंवा थांबवणं. नुसता शब्द त्यात बसत नाही, बरोबर. पण म्हणून अंगाला हात लागलाच पाहिजे असं तिथेही नाही! कायद्याने स्वतःच उदाहरणं दिलीत. नदीत बांधलेल्या नावेत माणूस बसलाय आणि तुम्ही दोर सोडून नाव वाहू दिलीत, तर तुम्ही त्याच्यावर बळ वापरलंत. रथात बसलेल्याचे घोडे चाबकाने उधळवलेत, तरी तेच. कुणावर कुत्रं सोडलंत, तरी तेच. तिन्हीत बोटसुद्धा लागलेलं नाही. 1860 पासून हे छापलेलं आहे, आणि आमच्या मेसेजवाल्या पंडिताला ते उघडून बघायला वेळ मिळाला नाही.

शिवाय तोंडी दमदाटीला न्याय संहितेत वेगळं कलम आहेच, 351. जिवाला, मालमत्तेला किंवा अब्रूला धक्का लावण्याची धमकी देऊन घाबरवणं हा त्यात गुन्हा आहे. अब्रू हा शब्द तिथे आहे, बायांनो, नीट वाचा. आणि बेकायदा धमकी देऊन कागदावर सही घेतली असेल तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 15 आहे. अशी सही देणाऱ्याला तो करार रद्द ठरवून घेता येतो.

पण मावशीच्या कामाचं सगळ्यात पक्कं शस्त्र यापेक्षा साधं आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी नियम काढले आणि वसुलीत काय चालणार नाही त्याची यादीच दिली: धमकीची किंवा शिवराळ भाषा, सारखे सारखे किंवा सकाळी 9 च्या आधी नि संध्याकाळी 6 नंतर केलेले फोन, नातेवाईक, मित्र, बरोबर काम करणारे यांना त्रास, कर्जदाराची नावं जाहीर करणं, हिंसा किंवा तिची धमकी, थकल्यावर काय होईल याबद्दल खोटं सांगून घाबरवणं. या सहांत मारहाणीशी संबंध एकाच ओळीचा आहे. वसुलीही आधी दोघांनी ठरवलेल्या जागी व्हायची. त्या जागी तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा गेला नाहीत तरच त्याने घरी किंवा कामावर यायचं. मावशीच्या दारात तो रात्री पायरीवर बसून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं नाव घेतो, हप्त्याचा आकडा सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी मागवाल्या मालकालाही फोन करतो. हात नाही लावला त्याने, खरंय. लावायची गरज काय?

आणि खोटी तक्रार म्हणजे खोटं आहे हे माहीत असताना केलेली तक्रार. घडलेलं सांगताना शब्द थोडा सैल पडला म्हणून कुणी आत जात नाही. तरी मी मावशीला म्हटलं, त्या एका शब्दावर अडून बसू नका. कुठल्या तारखेला, किती वाजता, कोण आलं, काय बोललं, कुणासमोर बोललं, ते लिहा. कलम लावणं पोलिसांचं काम. बायकांच्या तक्रारीची कन्नड प्रत मी पाहिली, तिच्यात 'बलवंत' लिहिलंय आणि ते चोख आहे. कन्नडात जबरदस्तीला तोच शब्द. (आपल्याकडच्या बळवंतरावांनी मनाला लावून घेऊ नये.)

परशुचं काय सांगू. फोर्स आला लॅटिनच्या 'फोर्टिस'वरून, म्हणजे बळकट, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला. फोर्ट, एफर्ट, कम्फर्ट ही त्याचीच भावंडं. फ आणि र जुळले की सोयरीक जुळवायची असेल तर फरसाणसुद्धा त्याच घरातलं म्हणा.

'इन फोर्स' म्हणजे अमलात. न्याय संहिता 1 जुलै 2024 ला अमलात आली, तेव्हा गल्लीगल्लीत पोलिसांच्या गाड्या आल्या होत्या का? फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारने छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद असलेला. त्याच वर्षी पुढे त्याचा कायदा झाला. त्याचा भर नोंदणी नसलेल्या सावकारी धंद्यांवर आहे, नोंदणीवाल्यांना रिझर्व्ह बँकेचे वरचे नियम आहेतच. गल्लीच्या तोंडाला हवालदार नाही म्हणून यातलं काही थांबत नाही.

राहिला चौथा मुद्दा. अर्थ जवळचे आहेत, मान्य. पण 'कुठलंही कुठेही' म्हणाल तर माझ्या आठवीच्या वर्गात मार्क जातील. फोर्स आणि कम्पेल यांच्यापुढे 'टू' लागतो: दे फोर्स्ड मी टू साइन. मेकला तो लागत नाही: दे मेड मी साइन. आणि तेच वाक्य उलटं फिरवलं की मेकलाही 'टू' चिकटतो: आय वॉज मेड टू साइन. कंपनीच्या वरच्या ऑफिसला इंग्रजीत अर्ज टाकायचा असेल तर यातलं कुठलंही बिनधास्त लिहा.