झाड न कापता, जागेवर न जाता वजन काढण्याची सोपी रीत

राजेहो, नागपूरच्या आसपासची एखादी काटेरी, भकास दिसणारी जमीन मोकळी करायची असेल तर तिच्यावर किती बायोमास, म्हणजे झाडाझुडपांचं सुकं वजन, उभा आहे, हे कागदावर दाखवावं लागतं. घाबरू नका, झाडं तोडून काट्यावर चढवायची गरज नाही. परवा अशाच एका जागेचा अहवाल हाती आला. स्पायरल बायंडिंग, रंगीत मुखपृष्ठ आणि आत एक रकाना : 'झुडपे : निरंक'. याच जागेत टेप घेऊन फिरताना बोरीने माझ्या शर्टाची बाही उभी फाडली होती. ती बोर कागदोपत्री नव्हतीच म्हणे! तर असा अहवाल तुम्हालाही लिहिता यावा म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे जागेवर जाऊ नका.

उपग्रहाचं चित्र मे महिन्यातलंच घ्या. साग आणि मोवई तेव्हा उघडेबोडके असतात, हिरवं काही दिसायची भीती नाही.

घनतेचा आकडा सगळ्या जातींना एकच लावा. खैर काय न् शेवगा काय, लाकूड ते लाकूड.

मोजणं अगदीच टळत नसेल तर छातीच्या उंचीवरच मोजा, १.३७ मीटरवर. नियम म्हणजे नियम. तरवडाला त्या उंचीवर खोड उरतच नाही, नुसत्या काड्या. मग नोंदवायचा कशाला? बोर बुडापासूनच तीन-चार खोडांनी फुटते, त्यातलं जाड तेवढं धरा. कोणी शहाणा म्हणेल की अशा झाडाचं प्रत्येक खोड जमिनीजवळ, बुडाच्या फुगवट्याच्या वर मोजतात, व्यासांच्या वर्गांची बेरीज करतात आणि वर्गमूळ काढतात. ६, ६ आणि ७ सेंटिमीटरची खोडं असतील तर ३६, ३६ आणि ४९, बेरीज १२१, मूळ ११. आठवीतल्या पोराचं गणित आहे हे! अहवालवाल्यांच्या रीतीने किती? ७. म्हणजे खोडांचं क्षेत्रफळ खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. झुडूप घाणेरीसारखं गिचमीड असेल तर त्याचा पसारा दोन काटकोनी दिशांनी मोजायचा, उंची घ्यायची आणि या मापांवरून वजन सांगणारं त्या जातीचं समीकरण लावायचं. ही समीकरणं कुणीतरी आधी थोडी झुडपं कापून, ओव्हनमध्ये सुकवून, तोलून बसवलेली असतात. कशासाठी? पुढच्याला कुऱ्हाड उचलावी लागू नये म्हणून! या अहवालात समीकरणाचा पत्ता नाही, जातीचं नाव नाही. 'मिश्र काटेरी.' हिवर, बाभूळ, बोर, खैर, सगळे दोन शब्दांत उरकले!

असो. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं.

मुळं दिसत नाहीत, सोडून द्या. आयपीसीसीची, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची, २००६ ची मार्गदर्शिका उष्ण प्रदेशातल्या कोरड्या जंगलात, हेक्टरी २० टनांच्या आत बायोमास असेल तर, जमिनीखालचं वजन वरच्याच्या ०.५६ पट धरा म्हणते, आणि २० च्या वर असेल तर ०.२८. म्हणजे जंगल जितकं विरळ, तितका मुळांचा वाटा मोठा. पण ज्यांना वरचं दिसलं नाही त्यांना खालचं काय सांगायचं?

भरपाईच्या वृक्षारोपणाचा हिशेब करताना मात्र घेरच व्यास म्हणून भरा. ३.१४ ने भागायचं 'राहून गेलं' की वजन सहज दहापट होतं.

आता स्पष्टच बोलतो. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं ही वनच आहेत, असं ठरवून टाकलं. सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या 'झुडपी जंगल' लिहिलेल्या मुलखात बसून तुम्ही झुडपांपुढे 'निरंक' लिहिता? काहून? एक टेप, एक काठी, दोन माणसं आणि थोडा घाम, एवढाच खर्च आहे या कामाचा. ज्याने अहवाल लिहिला तो आळशी आहे, की त्याला तसंच लिहायला सांगितलं होतं, यात मला रस नाही. पण खाली तीन सह्या आहेत. त्या तिघांपैकी एकालाही शंका आली नाही, की नागपूरच्या रानात एक झुडूप नाही असं कसं होईल? फाडून टाका तो कागद. ऑक्टोबरात, पानं असताना माणसं पाठवा आणि पुन्हा मोजा. पगार त्याचाच मिळतो ना तुम्हाला?