फ्रीजवरचा श्रीखंडाचा डबा

आमच्या फ्रीजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. श्रीखंड कधीच संपलं, आता त्यात तीन वर्षांचे संपलेले सेल साठलेत. रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, सासूबाईंच्या शुगर मोजायच्या मशीनचे चपटे बटण सेल.

गेल्या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. दुकानातला मुलगा जुनी उचलून घेऊन गेला, तिचे पैसे बिलातून वजा केले. तिच्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं, आणि शिशाला भाव आहे. म्हटलं, हा डबाही ने बाबा. तो हसला, "काकू, याला कोण विचारतंय?"

भंगारवाल्यानं झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. घंटागाडीवरची ताई म्हणाली, "सुक्यात टाका की." तिचं काय चुकलं? तिच्या गाडीला कप्पेच दोन.

एक सेल विहीर नासवतो असले फॉरवर्ड मी पाठवत नाही. साध्या पेन्सिल सेलमध्ये मुख्यतः जस्त आणि मँगनीज असतं. खरी भीती लिथियमची. फुगलेली मोबाइलची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. आणि बटण सेल लहान मुलानं गिळला, अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. संपलेला असला तरी! हे कळल्यावर मी रात्री बसून प्रत्येक बटण सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. नवरा म्हणाला, राख्या करतेयस का?

नियम नाहीत असं नाही. २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांत आपले सेलही आले. गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर. त्यासाठी ग्राहकाकडून अनामत घेऊन परत द्यायची सोयसुद्धा त्यात सुचवलीय. मग घ्या ना! सेलमागे पाच रुपये जास्त घ्या, जुना आणला की परत करा. सोड्याच्या काचेच्या बाटल्या आपण अशाच परत करायचो, तेव्हा कुणी जनजागृतीचा फ्लेक्स लावला नव्हता. पाच रुपये मिळणार म्हटल्यावर भंगारवाला स्वतः डबा मागायला येईल.

तोवर डबा फ्रीजवरच. कुठे खरंच घेत असतील तर कमेंटमध्ये सांगा. फक्त, अमक्या मॉलमध्ये पेटी ठेवलीय असं लिहिण्याआधी ती शेवटची कधी रिकामी केली, तेवढं विचारून या.